एल्रॉयची पाचवी कवळी

कुसिस्टरला दात असतात हे डोरोथिया सप्टेंबरला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या रविवारी, भर चहाच्या वेळी, होणाऱ्या व्याह्यांसमोर ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागलं...

एल्रॉयने, तिच्या एकुलत्या एक मुलाने, बशीतला तळून पाकात घोळलेला, वर खोबरं भुरभुरवलेला कुसिस्टर उचलला, चावला आणि परत बशीत ठेवला तेव्हा त्याची वरची कवळी त्या पाकात रुतून बाहेर आली होती. चार पांढरे दात, गुलाबी हिरडी, मधल्या दातावर सोन्याचा बदाम. एवढंच असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. मिचेल्स प्लेनच्या त्या वस्तीत ताटात कवळी पडणं म्हणजे चमचा पडण्यासारखं. पण कवळीच्या तारेला अडकून पाचवा एक दात आला होता. तो डोरीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवलेला नव्हता. तो तिने नऊ महिने पोटात वागवलेल्या मुलाचा होता.

सुळा होता तो. मुळाशी काळाठिक्कर, आतून पोखरलेला, आणि रक्ताचा टिपूस नाही. जिवंत दात असा निघत नाही. अठरा वर्षं शहरातल्या एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या घासून, पुढे आपल्याच घरी कवळ्या करून जिने अर्ध्या वस्तीचं हसू उभं केलं होतं, तिला हे कळायला एक क्षण पुरला. आणि त्या एका क्षणात गेल्या दोन वर्षांचं सगळंच तिला कळलं.

टेबलापलीकडे बेसिल फेब्रुआरी बसले होते. चर्चचे कारभारी, चौदा माणसं नेणाऱ्या तीन मिनिबस-टॅक्स्यांचे मालक, एल्रॉयच्या होणाऱ्या बायकोचे, रोशेलचे वडील. सप्टेंबरांच्या घरात फेब्रुआरींची मुलगी येणार यावर वस्तीतल्या सगळ्यांचे विनोद करून संपले होते. आता फक्त तारीख ठरायची होती. बेसिल अंकल बशीकडे बघत होते. रोशेल बशीकडे बघत होती. एल्रॉय मात्र आईकडे बघत होता... लहानपणी दुसऱ्याच्या खिडकीची काच फोडून आल्यावर बघायचा तसा.

"माझी चूक," डोरी म्हणाली. "तार मी फार आवळली. चांगला दात उपटून आला पोराचा."

बेसिल अंकलनी आपल्या वरच्या ओठामागून जीभ फिरवली. त्यांचीही कवळी डोरीच्याच हातची होती, चांदणीवाली, नऊ वर्षं झाली होती तिला.

"काय हे डोरी," ते म्हणाले. "जरा बघून करायचं ना."

तिने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या कामाबद्दल खोटं बोलली होती, आणि ते खोटं इतकं बेमालूम बसलं होतं की तिच्या कुठल्याही कवळीला हेवा वाटावा.

एल्रॉय सोळाचा झाला तेव्हा वस्तीतल्या सगळ्या पोरांसारखे फॅशन म्हणून त्यानेही वरचे समोरचे चार दात काढून घेतले होते आणि डोरीने मोठ्या कौतुकाने त्याची पहिली कवळी केली होती. ती आठ वर्षं टिकली. मग दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, मम्मी, ढिली झाली. तिने दुसरी केली. तीन महिन्यांत तीही हलायला लागली. तिसरी केली. दुसऱ्या कुठल्याही आईने अशा वेळी मुलाचं तोंड उघडून आत पाहिलं असतं. डोरीने आपले हात पाहिले. बोटं थरथरतात का, नजर अधू झाली का, म्हणून ती सरकारी दवाखान्यात जाऊन नवा चष्मा घेऊन आली. चौथ्या कवळीच्या वेळी, तू झोपलेला असताना माप घेते, दिवसा तू हलतोस, असंही म्हणून बघितलं. तो हसला होता. झोपतो कुठे मी मम्मी, म्हणाला होता. तिला वाटलं, प्रेमात पडलाय. मग पाचवी केली, तीच त्या कुसिस्टरमध्ये रुतली.

त्याच काळात घरातले बल्ब जायला लागले. म्हणजे उडत नव्हते, जातच होते. आधी न्हाणीघरातला, मग बोळातला, मग ज्याच्या उजेडात ती कवळ्या घासायची तो. टिक, म्हणजे नशेचे पांढरे खडे, ओढणारी पोरं बल्बची काच वापरतात हे वस्तीतल्या शेंबड्या मुलालाही ठाऊक होतं. डोरीलाही ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या पोरांबद्दल सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं. आपल्या घरातल्या रिकाम्या होल्डरकडे बघून तिने वीजवाल्यांना शिव्या घातल्या आणि मेणबत्त्या आणल्या. ते पांढरे खडे ओढले की लाळ आटते, आणि लाळेशिवाय टाळूला कवळी धरत नाही. हे तिनेच शिकवलेल्या दहा मुली आज शहरात पोट भरत होत्या. पोरगा दिवसाला चार बाटल्या थंड गोड पेय पितो, रात्रंदिवस दात खातो, गालफडं आत गेली आहेत... आणि ती कानस घेऊन कवळीची कड अर्ध्या केसाने कमी करत बसली होती!

पाहुणे गेल्यावर तिने तो सुळा मोरीपाशी धुतला आणि मुलासमोर ठेवला.

"फक्त शनिवार-रविवारी घेतो मम्मी," एल्रॉय म्हणाला. तिने काही विचारलंही नव्हतं.

"आज कुठला वार?"

त्याने खरोखर विचार केला. "रविवार," तो विजयी सुरात म्हणाला.

तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचंच रडू झालं. त्याने तिचे पाय धरले. शपथा घेतल्या. रोशेलची, देवाची, आणि त्या बापाचीही, जो एल्रॉय सात वर्षांचा असताना मासेमारीच्या बोटीवर गेला होता. बोट वेळेवर परत आली होती, बाप तेवढा आला नव्हता. लग्न होऊ दे मम्मी, तो म्हणाला, लग्न झालं की सुटेल. तू सांभाळून घेतलंस आज, एवढं लग्नापर्यंत सांभाळ. त्या वेळी तिला वाटलं की आपलं नाव गेलं तर गेलं, मुलगा राहील. वात्सल्याने आंधळी झालेली ती माउली, तिने हा सौदा डोळे मिटून पत्करला.

नाव जायला पंधरा दिवस लागले. बेसिल अंकल दुष्ट नव्हते. ते फक्त दिवसभर आपल्या टॅक्स्यांमधून हिंडायचे आणि प्रत्येक फेरीत चौदा माणसांना काळजीपोटी सांगायचे की डोरीकडे जाऊ नका, तिचा हात गेला, पोटच्या पोराचा चांगला दात उपटला तिने. हे सांगताना त्यांच्या तोंडात डोरीची चांदणी चमकायची. तिच्याच कवळीवाचून त्यांना तिची निंदा स्पष्ट उच्चारता आली नसती, पण हे त्यांच्या लक्षात आणून देणार कोण?

मागच्या अंगणातलं गिऱ्हाइकांचं बाकडं ओस पडलं. त्यावर मांजर बसायला लागलं, मग तेही येईनासं झालं. एके दिवशी पलीकडच्या गल्लीतली हेस्टर कागदी रुमालात गुंडाळून आपली कवळी परत घेऊन आली. हलते का, डोरीने विचारलं. नाही गं, छान बसते, हेस्टर तोंडावर हात धरून म्हणाली, पण भीती वाटते. आणि ती बोळक्यानेच परत गेली. डोरीने ती कवळी पाण्याच्या बरणीत ठेवली. महिन्याभरात अशा सहा बरण्या झाल्या. फळीवरून सहा तोंडं दिवसभर तिच्याकडे बघून हसायची, आणि ती मेणबत्ती लावून त्यांच्यासमोर एकटीच बसून राहायची...

अपराध्यासारखं वाटून म्हणा, होणारा जावई म्हणून म्हणा, बेसिल अंकलनी एल्रॉयला आपली एक टॅक्सी चालवायला दिली.

डोरीने ते ऐकलं. ती म्हणाली, नको घेऊस ही नोकरी. एल्रॉय आरशासमोर उभा राहून खालचे दात चाचपत होता. त्यातला एक आदल्या दिवशी उकडलेल्या बटाट्यात मोडला होता. बटाट्यात. आता तो पाव चहात बुडवून खायचा, बोलताना ओठ घट्ट ओढून धरायचा, आणि रोशेल जवळ आली की मान वळवायचा. घासाघासाला कळ, शब्दाशब्दाला लाज. सव्वीस वर्षांच्या पोराचं आयुष्य एखाद्या म्हाताऱ्यासारखं पेजेवर आलं होतं.

"मग जा ना, सांग अंकलना," तो म्हणाला. "सांग की त्या दिवशी तू खोटं बोललीस. चल, मी येतो बरोबर."

त्याने आईकडे आरशातूनच पाहिलं. ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती पर्स घेऊन टॅक्सीच्या पुढच्या सीटवर, त्याच्या बाजूला जाऊन बसली. कुठे जायचंय मम्मी, त्याने विचारलं. शेवटच्या थांब्यापर्यंत, ती म्हणाली. तिथे पोचल्यावर तिने परतीचं भाडं दिलं. असं तीन आठवडे चाललं. वस्तीत बातमी पसरली की डोरी आन्टीचा हात गेला होताच, आता डोकंही गेलं. टॅक्सी भरली की मागची माणसं तिला उतरायला सांगायची, आणि ती दुप्पट भाडं देऊन बसून राहायची. काय करणार होती ती तिथे बसून? तिलाही माहीत नव्हतं. ती फक्त ऐकायची. इंजिनाच्या, गाण्यांच्या, माणसांच्या आवाजाखाली तिला एकच आवाज स्पष्ट ऐकू यायचा, मुलगा दात खात असल्याचा. करकर, करकर. उरलेसुरले दात एकमेकांवर दळले जात होते. एकेका करकरीसरशी तिच्या काळजाचा भुगा होत होता, आणि तरी ऐकू येतंय तोवर तो जागा आहे, एवढा एक विचित्र आधार तिला त्यातच सापडला होता.

त्या शनिवारी चर्चच्या बायकांची स्ट्रँडफोंटेनच्या किनाऱ्यावर सहल होती. एल्रॉयचा उजवा गाल पावासारखा फुगला होता. तीन दिवस दाढ ठणकत होती आणि तीन दिवस तो झोपला नव्हता. ठणक्यावरही तो त्याच खड्यांचा इलाज करत होता. सकाळी डोरीने किल्ली लपवली. त्याच्याकडे दुसरी होती. ती दारात आडवी उभी राहिली तर तो खिडकीतून गेला, आणि मग तीही खिडकीतून गेली, कारण दाराची कडी एकदा लागली की चटकन निघायची नाही. चर्चच्या बायकांनी हे सगळं टॅक्सीत बसून पाहिलं. त्यांत रोशेल होती, हेस्टर होती, आणि मागच्या बाकावर, मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं मोठं भांडं घेऊन, आपल्याच टॅक्सीत फुकट फेरी मिळते म्हणून बेसिल अंकल होते.

त्याच वेळी डोरीने तोंड उघडायला हवं होतं. चौदा माणसं होती आत. बोल, बोल, असं तिचं मन आक्रोश करत होतं. पण रोशेलने खिडकीतून हात हलवला, एल्रॉयने ओठ मिटून तिच्याकडे पाहत हसायचा प्रयत्न केला... आणि डोरी मुकाट्याने सीटवर चढली.

समुद्राच्या कडेचा रस्ता. आग्नेयेचा वारा सुटलेला, वाळूचे लोट रस्ता ओलांडून चाललेले. मागे बायका भजनं म्हणत होत्या. डोरी ऐकत होती. करकर. करकर. पुढे वळण दिसत होतं, त्यापलीकडे खाली खडक. करकर...

मग आवाज थांबला.

तिने वळून पाहिलं. एल्रॉयचे डोळे उघडे होते. हात स्टिअरिंगवर होते. जबडा मात्र सैल पडून खाली लोंबत होता, निजलेल्या बाळासारखा.

तिने हाका मारण्यात वेळ घालवला नाही. दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून वर खेचला.

टॅक्सी किंचाळली, आडवी झाली, एक गिरकी घेऊन वाळूच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. मागे भजनाची ओळ अर्धी तुटली. पिशव्या उडाल्या, छत्र्या उडाल्या, एका बाईची चप्पल समोरच्या काचेपर्यंत आली. सॅलडचं भांडं बेसिल अंकलच्या डोक्यावर उपडं झालं. मग वाऱ्याशिवाय कसलाही आवाज उरला नाही. एकेक जण आपापले हातपाय चाचपू लागला. खरचटलं होतं, कुणाचं कपाळ सुजलं होतं, पण जीव सगळ्यांचे जागेवर होते.

एल्रॉय जागा झाला होता. त्याची कवळी त्याच्या मांडीवर पडली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग मागे वळून एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला. घाबरलेली, आ वासलेली तोंडं. हेस्टरचं बोळकं सोडलं तर प्रत्येक तोंडात वरची कवळी. बदामवाली, चांदणीवाली, साधी. सगळ्या टाळूला घट्ट चिकटलेल्या.

"कोणाची पडली?" त्याने विचारलं.

कुणाला कळेना तो काय विचारतोय.

"कवळी. कोणाची पडली का? बघा ना. गाडी गोल फिरली, अंकलच्या डोक्यावर सॅलड आलं, आणि तुमच्यातली एकही कवळी हलली नाही." त्याचा आवाज फाटला. "मम्मीनेच केल्यात सगळ्या. माझीच पडते. पाच केल्या तिने माझ्यासाठी, पाचही चांगल्या होत्या. तोंड माझं कुजलंय. दोन वर्षं टिक ओढतोय मी. तिने तार आवळली नव्हती."

बेसिल अंकलनी केसांतून बटाट्याची फोड काढली. त्यांची जीभ नकळत आपल्या चांदणीवरून फिरली. त्यांना काय वाटलं ते त्यांच्या सॅलडने माखलेल्या चेहऱ्यावरून कळणं शक्य नव्हतं.

"तुला माहीत होतं डोरी?" त्यांनी विचारलं.

"होतं," डोरी म्हणाली. "त्या रविवारपासून."

"आणि तू आम्हाला ह्याच्या गाडीत बसू दिलंस."

"हो."

आपण त्याग करतोय असं तिला वाटलं होतं. आपलं नाव, आपला हात, आपली अठरा वर्षं मुलाच्या पायावर वाहिली असं वाटलं होतं. आणि त्या त्यागाला चाकं लावून तिने चौदा माणसं त्यात भरली होती... तिने हात जोडले आणि हेस्टरकडे, बायकांकडे, सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. हेस्टरने नजर चुकवली नाही, पण हसलीही नाही.

रोशेल उतरून पुढच्या दाराशी आली. रडत नव्हती. तिने एल्रॉयच्या हनुवटीवरचं रक्त आपल्या रुमालाने पुसलं, हळुवारपणे, आणि पहिल्यांदाच त्याने तोंड न फिरवता तिला पुसू दिलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "आपली ओळख दीड वर्षाची. म्हणजे मी तुला अजून भेटलेच नाही."

तिने तो रुमाल त्याच्या मुठीत ठेवला आणि चालत जाऊन वडिलांपाशी उभी राहिली. टॅक्सीची किल्ली बेसिल अंकलनी स्वतःच्या खिशात टाकली. लग्नाची गोष्ट कुणी काढली नाही, मोडलीही नाही. ती तशीच वाळूत पडून राहिली.

सोमवारी सकाळी डोरी आणि एल्रॉय सरकारी दवाखान्यात गेले. बासष्ट नंबर मिळाला. लाकडी बाकावर दोघं टेकून बसले, तो सुजलेला गाल भिंतीच्या गारव्याला लावून, ती पर्स पोटाशी धरून. शनिवारपासून दोघं एकमेकांशी फारसं बोलले नव्हते. फक्त रविवारी सकाळी, त्याने उठून न्हाणीघरात स्वतःच्या पैशाने आणलेला बल्ब लावला होता. संध्याकाळी तो बल्ब पुन्हा जागेवर नव्हता. डोरीने रिकाम्या होल्डरकडे पाहिलं होतं. या वेळी तिने वीजवाल्यांना शिव्या घातल्या नाहीत.

पांढऱ्या कोटातली एक तरुण नर्स कागद भरत बाकड्याबाकड्याने येत होती. तिने एल्रॉयचं तोंड उघडायला लावून बॅटरीचा झोत टाकला. वरचे खालचे मिळून सोळा तरी काढावे लागतील, ती म्हणाली. आधी पू उतरवायचा. मग शेजारच्या इमारतीत त्या दुसऱ्या गोष्टीसाठी नाव घालायचं, तिथे रोज यावं लागतं, रोज म्हणजे रोज. तिथे जागा मात्र थोड्याच आहेत, खरोखर सोडायची इच्छा असणाऱ्यांनाच घेतात.

"शेवटचं कधी घेतलंस?" तिने विचारलं आणि पेन टेकवलं.

डोरीचं तोंड आपोआप उघडलं. उत्तर तयार होतं. महिना झाला हो सिस्टर, चांगल्या घरचा पोरगा आहे, मित्रांनी नादी लावलं... दोन वर्षांत असली उत्तरं तिच्या जिभेवर इतकी रुळली होती की ती बनवायलाही लागत नव्हती. एल्रॉयने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तेच बघणं, खिडकीची काच फोडून आल्यावरचं. तिने ती नजर ओळखली. डोळ्यांपुढे नर्स, भिंत, कागद सगळं पाण्यात विरघळलं.

आणि तिने तोंड मिटलं. दात दातांवर घट्ट आवळून मिटलं.

नर्स वाट बघत होती. बाकावरची माणसं वाट बघत होती. एल्रॉयने आईच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग त्यातून काही येणार नाही हे त्याला कळलं असावं.

"काल," तो म्हणाला. "काल संध्याकाळी. न्हाणीघरात."

नर्सने लिहून घेतलं आणि पुढच्या बाकाकडे गेली. आतून नवव्या नंबराला हाक आली. डोरीने पर्स खाली ठेवली आणि आपला हात बाकावर, दोघांच्या मधे, उताणा ठेवला. त्याने लगेच धरला नाही. अकराव्या नंबराच्या सुमारास धरला.